जलवास, जलसमाधी की आणखी काही?

मलप्रभाकाठ (खानापूर): नमस्कार मंडळी. दहावीच्या मुलांबरोबर शाळेत भित्तिपत्रक करतोय: पाण्याखाली दीर्घकाळ राहिलं तर शरीराचं काय होतं. फ्लोरिडात जोसेफ डिटुरी २०२३ साली १०० दिवस पाण्याखाली बांधलेल्या खोलीत राहिले, तिथून सुरुवात. एका मुलीनं मथळा दिला ‘१०० दिवसांची जलसमाधी’. मला खटकतोय. आणि ‘सॅच्युरेशन डायव्हिंग’ला, म्हणजे पाण्याखालच्या दाबातच दिवसेंदिवस राहण्याला, मराठीत काय म्हणावं?

वडगावची सून: जलसमाधी नकोच, सर. होडी बुडाली की जलसमाधी मिळते. ‘जलवास’ करा. वनवास, अज्ञातवास, तुरुंगवास, सगळ्यांतून माणूस परत येतो.

निपाणीकर: दुर्योधन डोहात लपला तो ‘जलस्तंभन’ करून, म्हणजे पाणी थोपवून. तयार शब्द आहे की! आमच्याकडं पोरं अजून विहिरीत बुडी मारून कोण किती येळ दम धरतंय बघत्यात.

पाणकावळा (हुक्केरी): अहो, दमाचा इथं संबंधच नाही. मी मुंबईच्या समुद्रात तेलविहिरींच्या कामाला पाणबुड्यांच्या (डायव्हर लोकांच्या) जहाजावर होतो, म्हणून जरा लांबण लावतो. खोलीत हवा असते, श्वास नेहमीसारखा चालतो. भानगड दाबाची: त्या हवेला बाहेरच्या पाण्याएवढाच दाब असतो. दर १० मीटरला साधारण एक वातावरण, म्हणजे जमिनीवरच्या हवेएवढा, दाब वाढतो. डिटुरी ९ मीटरवर होते, म्हणजे जमिनीच्या जवळजवळ दुप्पट दाबात. त्या दाबानं श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि तिथून चरबीत, सांध्यांत विरघळत जातो. साधारण दिवसभरात शरीर त्या दाबापुरतं भरतं, पुढं घेत नाही. त्यामुळं दोन दिवस राहा नाहीतर महिनाभर, वर यायला वेळ तेवढाच लागतो. लोणच्यात मीठ मुरतं तसा वायू अंगात मुरतो. माझं मत ‘मुरणे’ला. जहाजावर मात्र सगळे नुसतं ‘सॅट’ म्हणायचे.

मलप्रभाकाठ: वा! पण रसायनशास्त्रात ‘संपृक्त द्रावण’ आहे, ज्यात आणखी काही विरघळत नाही असं; मुलांना ते माहीत आहे. शिवाय मुरण्याला शेवट कुठं असतो?

वडगावची सून: असतो की. ‘मुरलेला राजकारणी’ म्हणजे आणखी मुरायचं काही उरलेलं नाही असा. दोन्ही शब्द ठेवा.

निपाणीकर: मग वर येण्याला?

पाणकावळा: ‘दाब उतरवणे’. ताप उतरतो तसंच क्रियापद, हळूहळू होणारं. ढोबळ हिशेब असा की दर ३० मीटरला एक दिवस, शिवाय आणखी एक दिवस. घाई केली तर विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होतात; सांधे असह्य दुखतात, मज्जारज्जूत गेले तर लकवा. त्यालाच ‘बेंड्स’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात पुलांच्या पायासाठी दाबाच्या हवेत खोदणारे मजूर दुखण्यानं वाकून चालायचे, म्हणून ते नाव. कुणी ‘सांधे धरणे’ सुचवेल, पण ते थंडीत आमच्या आजीचे धरतात ते. बेंड्सच राहू द्या. तसंच ‘हाडं झिजणे’ही नको. वर्षानुवर्षं हे काम करणाऱ्या काहींच्या खांद्याच्या नाहीतर मांडीच्या हाडाच्या डोक्याचा भाग रक्त न पोचल्यानं मरतो. झिजत नाही, मरतो.

वडगावची सून: एक सीमाभागी सूचना. आमच्या शेजारच्या मुली कन्नड शाळेत आहेत. कन्नडात ‘ओत्तड’ म्हणजे दाबही आणि मनावरचा ताणही. आपली मुलंही दोन्ही भाषांत वावरतात, तेव्हा ‘दाब’ म्हणजे पाण्याचा, हे पहिल्याच ओळीत लिहा.

निपाणीकर: पाणबुडीतले नौसैनिक पण महिनोन्‌महिने खालीच ऱ्हात्यात की. त्यांचाबी जलवासच?

पाणकावळा: राहणं म्हणून जलवास, पण मुरणं नाही. पाणबुडीत दाब जमिनीसारखाच ठेवतात. त्यांना छळतं ते ऊन न मिळणं आणि झोपेचं बिघडलेलं वेळापत्रक. चित्रात पाणबुडी काढली की सगळं चुकलं म्हणून समजा. आणि खऱ्या जलवासाचा मान आमच्या तालुक्यातल्या हुन्नूरच्या विठोबाला! पावसाळ्यात देऊळ हिडकल धरणाच्या फुगवट्यात जातं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की दर्शन.

मलप्रभाकाठ: ठरलं. मथळ्यात जलवास, आत संपृक्त आणि मुरणे दोन्ही. डिटुरींचं शरीर तरुण झालं अशा बातम्या होत्या, त्या घेऊ का?

पाणकावळा: एका माणसावरून नको, सर. त्यापेक्षा कानाचं घ्या. दमट हवेत दिवसेंदिवस राहिल्यावर कानाला जंतुसंसर्ग होतो, म्हणून पाणबुडे कानात नेमानं औषधाचे थेंब घालतात.

निपाणीकर: विहिरीत पोहणाऱ्या पोरांना तेवढं लगेच पटंल.