रील बघून मत बदलतं का हो खरंच?

जळगावकर: आमच्या घरात २०२४ च्या विधानसभेपासून हे चालूय. नेत्याची सभा एकच, पण बाबांच्या फोनवर त्यातलं टाळ्यांचं वाक्य येतं आणि धाकट्या भावाच्या फोनवर त्याच भाषणातली चूक, वर मागे हसण्याचा आवाज लावलेला. दोघंही म्हणतात मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. जेवायला बसलं की वाद, आता तर एकमेकांशी बोलणंच टाळतात. रीलने मत बदलतं, की आधीचंच पक्कं होतं?

सोलापुरी: २०१९ ची लोकसभा आठवा. मनसेचा एकही उमेदवार नव्हता तरी राज ठाकरे भाजपविरोधात सभांमध्ये जुने व्हिडिओ दाखवत 'लाव रे तो व्हिडिओ' करत फिरले, आमच्या इथल्या सभेत तर सरकारच्या 'डिजिटल गाव' जाहिरातीतला हरिसालचा पोरगाच स्टेजवर आणला, चर्चा तुफान झाली आणि निकालात ४८ पैकी ४१ जागा भाजप-सेना युतीच्या. त्यामुळे मत बदलतं असं मला नाही वाटत. पण तेव्हा अख्ख्या मैदानाने एकच व्हिडिओ बघितला, भाजपच्या आशिष शेलारांनीही व्हिडिओ लावूनच उत्तर दिलं, सगळं उघड्यावर. आता बाबांना काय दाखवलं ते भावाला दिसतच नाही, मग तो खोडणार काय?

कात्री_कामगार: मी एका उमेदवाराचं एडिटिंग केलंय. सभा चालू असतानाच क्लिप कापायला घ्यायचो. पीकविमा, पाण्याची टाकी यावर बोललेलं पडून राहायचं, आणि समोरच्याच्या घरच्यांवर मारलेला टोमणा रात्रीत सगळ्या ग्रुपवर. मग दुसऱ्या दिवशी साहेब गाडीतच विचारायचे, आज काय बोललो तर चालेल? हळूहळू टाकी भाषणातनं गेलीच. मतदाराचं राहू द्या, पुढाऱ्याचं बोलणंच बदललं, मला याची जास्त काळजी वाटते.

वैशाली_ताई: मतदानाआधी ४८ तास प्रचार बंद असतो पण आधीच टाकलेली रील फिरतच राहते. मे २०२४ मध्ये निवडणूक आयोगाने पक्षांना सांगितलं की डीपफेक, म्हणजे एआयने बनवलेली खोटी क्लिप, लक्षात आल्यावर ३ तासांत काढा, पण तेवढ्यात ती व्हॉट्सॲपवर कुठल्या कुठे पोचते आणि तिथून परत कोण गोळा करणार! पैसे देऊन चालवलेली जाहिरात असेल तर फेसबुक-इन्स्टावाल्या मेटाच्या ॲड लायब्ररीत पेजचं नाव टाकून बघा, पैसे कोणाच्या नावाने भरलेत ते दिसतं. आणि जळगावकर, ज्या भाषणावरून वाद झाला ते यूट्यूबवर पूर्ण असेल तर टीव्हीवर लावा, दोघांना एकत्र बसवून. फोन बाजूला ठेवायला सांगा मात्र.