जुन्या घराच्या सागापासून चॉपिंग बोर्ड आणि घडीचे टेबल: लाकूड, जोड आणि तेल यांविषयी मार्गदर्शन हवे

अंगणवाट (प्रश्न)

नमस्कार. सातारा जिल्ह्यातील आमचे जुने घर यंदा उतरवले. त्यातून निघालेले काही सागाचे वासे, एका तुळईचा तुकडा आणि हिरव्या ऑइलपेंटने रंगवलेल्या दाराच्या चार फळ्या मी डोंबिवलीला आणल्या आहेत. आमचे घर वन-आर-के आहे. स्वयंपाकाच्या ओट्यावर गॅस आणि मिक्सर ठेवल्यावर जेमतेम दीड हात जागा उरते, त्यामुळे चिरण्याचे काम खाली बसून विळीवर होते. आईचे गुडघे आता त्याला साथ देत नाहीत. म्हणून या लाकडापासून तिच्यासाठी ओट्यावर मावेल असा एक चॉपिंग बोर्ड आणि भिंतीला लावून दुमडता येईल असे एक छोटे टेबल स्वतःच्या हातांनी करावे, असे मनात आहे. करवत, हातरंधा, पटाशी आणि गुण्या ही हत्यारे माझ्याकडे आहेत, आणि साधे कपाट दुरुस्त करण्याइतका सरावही आहे.

प्रदर्शनातून घेतलेला एक लाकडी बोर्ड आमच्याकडे पावसाळ्यात वाकला आणि ओट्यावर डुगडुगू लागला. तसे होऊ नये म्हणून सुरुवातीलाच विचारतो. जुना साग अन्नाच्या संपर्कात आणण्यास योग्य आहे का? पट्ट्या चिकटवून बोर्ड करावा की अखंड फळीचा? वरून कोणते तेल द्यावे? आणि टेबलाची रचना कशी असावी, म्हणजे ते पावसाळ्यात अडकणार नाही?

रंधा-पटाशी

नमस्कार अंगणवाट. चारही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. लाकूड कितीही जुने आणि वाळलेले असले, तरी ते हवेतील दमटपणा घेते आणि सोडते. लांबीत ते जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत हलते. साग या बाबतीत इतर लाकडांपेक्षा बराच शांत आहे, तरीही एक फूट रुंदीची सागाची फळी मे महिन्यातील कोरड्या दिवसांपासून भर श्रावणापर्यंत दोन-तीन मिलिमीटर फुगू शकते. हे फुगणे थांबवता येत नाही. सुताराने त्यासाठी जागा ठेवायची असते. तुमचा प्रदर्शनातील बोर्ड वाकला त्याची दोन कारणे संभवतात: लाकूड पुरेसे वाळलेले नसणे, किंवा धुतल्यावर तो ओट्यावर आडवा ठेवल्यामुळे वरची बाजू वाळणे आणि खालची ओलीच राहणे.

आता लाकडाची निवड. रंगवलेल्या दाराच्या फळ्या चॉपिंग बोर्डासाठी वापरू नका, हे मी आग्रहाने सांगतो. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असण्याची दाट शक्यता असते. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची (म्हणजे वजनाने दहा लाखांत ९० भाग) मर्यादा घालणारे नियम २०१६ साली आले. तुमच्या दाराचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा असणार. असा रंग कोरडा घासला, तर त्याची धूळ घरभर पसरते आणि लहान मुलांच्या पोटात जाऊ शकते. त्या फळ्या टेबलासाठी वापरायच्या असतील, तर रंग उघड्या जागेत, पेंट रिमूव्हर लावून, ओला असतानाच खरवडून काढा आणि ती खरवड कागदात गुंडाळून टाका.

बोर्डासाठी तुळईचा तुकडा उत्तम आहे, मात्र तिचे भिंतीत गाडलेले टोक कापून बाजूला ठेवा. वाळवी लागू नये म्हणून त्या टोकांना डांबर फासण्याची पद्धत होती. काळपट, चिकट किंवा उग्र वासाचा भाग अन्नाजवळ येऊ देऊ नये. त्यानंतर एखादे चांगले ताकदवान चुंबक सर्व बाजूंनी सावकाश फिरवा. जुन्या लाकडात मोडलेले खिळे आत राहिलेले असतात आणि त्यातला एक जरी रंध्याच्या पात्याखाली आला, तरी पाते गेले असे समजा. चुंबकापेक्षाही खात्रीची खूण डोळ्यांना दिसते. लोखंड आणि लाकडातील टॅनिन नावाचे तुरट द्रव्य यांचा संयोग होऊन खिळ्याभोवती निळसर काळे वलय तयार होते, आणि पहिला पातळ छिलका निघाला की ते वलय सोनेरी सागावर अगदी उठून दिसते. तिथे थांबायचे, पटाशीने बाजू कोरायची आणि खिळा पक्कडीने सरळ ओढून काढायचा.

चिकटवावा की अखंड, या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे: तुमच्या ओट्याच्या जागेसाठी अखंड फळीचाच बोर्ड करा. तुळईतून नऊ इंच रुंद, चौदा इंच लांब आणि एक इंच जाड फळी निघत असेल, तर जोडाची, गोंदाची आणि क्लॅम्पची सगळी चिंता संपते. फळी अशी काढा की टोकाकडून पाहताना वाढीची वलये शक्यतो उभी दिसतील. अशी फळी आडव्या वलयांच्या फळीच्या निम्म्यानेच फुगते आणि तिला बाकही कमी येतो. एवढी जाड तुळई घरी हातकरवतीने चिरत बसू नका. जवळच्या वखारीत किंवा सॉ-मिलमध्ये बँडसॉवर चिरून घ्या, मात्र खिळे काढल्याची खात्री त्यांना आधीच द्या, नाहीतर ते जुन्या लाकडाला हात लावत नाहीत.

रुंदी मिळत नसेल, तर दोन-तीन पट्ट्या कडेला कड लावून चिकटवा. सागात अंगचेच तेल असते, म्हणून रंधा मारल्यावर त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासात गोंद लावा. दोन दिवस पडून राहिलेल्या कडेवर पकड तितकी चांगली बसत नाही. साधा पांढरा गोंद इथे चालत नाही. मरीन प्रतीचा, म्हणजे पाण्याला टिकणारा गोंद घ्या, क्लॅम्प चोवीस तास ठेवा आणि वाळलेला ओघळ पटाशीने काढा. एक गोष्ट मात्र कधीही करू नका: बोर्ड वाकू नये म्हणून त्याच्या खाली आडवी पट्टी गोंदाने चिकटवणे. फळी रुंदीत फुगू पाहते, पट्टी तिला फुगू देत नाही, आणि या ओढाताणीत फळी मधोमध उकलते.

लाकडाचे टोक वर येईल असे ठोकळे जोडून केलेले जाड बोर्ड दिसायला फार सुंदर असतात आणि सुरीची धारही जपतात. पण त्यात गोंदाचे जोड पुष्कळ, वजन जास्त आणि पाणी शोषण्याचा वेगही अधिक. पहिल्या कामासाठी मी तो सुचवणार नाही. आईंना रोज उचलून धुवायचा आहे, हे लक्षात ठेवावे.

समईची वात

मी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, म्हणून स्वच्छतेच्या अंगाने थोडी भर घालते. लाकडी बोर्डात जंतू राहतात आणि प्लॅस्टिकचा बोर्ड अधिक सुरक्षित, असा समज अनेक घरांत पक्का आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात डीन क्लायव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात याची प्रयोगाने तपासणी केली. लाकडावर सोडलेले जीवाणू पृष्ठभागावरून लवकर आत शोषले गेले, तेथे त्यांची वाढ झाली नाही आणि ते हळूहळू मरत गेले. याउलट सुरीचे चरे पडलेले प्लॅस्टिक हाताने धुऊन पूर्ण स्वच्छ करणे अवघड ठरले. याचा अर्थ लाकूड धुतले नाही तरी चालते असा मुळीच नाही. साबण आणि गरम पाण्याने दोन्ही बाजू धुवाव्यात, फडक्याने पुसावे आणि बोर्ड उभा करून वाळवावा. पाण्यात बुडवून ठेवू नये. घरात मासळी किंवा मटण होत असेल, तर त्यासाठी वेगळा बोर्ड ठेवावा, कारण त्याच फळीवर नंतर कोशिंबिरीची काकडी चिरली जाते आणि ती शिजवली जात नाही.

तेलाविषयी सांगायचे, तर शेंगदाण्याचे, सूर्यफुलाचे किंवा खोबरेल तेल लावू नये. ही तेले वाळत नाहीत आणि लाकडात राहून खवट होतात. औषधांच्या दुकानात मिळणारे आय.पी. (भारतीय औषधकोशाच्या) दर्जाचे लिक्विड पॅराफिन घ्यावे. त्याला वास नाही, चव नाही, आणि ते खराब होत नाही. कोमट करून सढळ हाताने लावावे, रात्रभर मुरू द्यावे आणि सकाळी उरलेले पुसून घ्यावे. पहिल्या आठवड्यात असे तीन-चार वेळा करावे, पुढे लाकूड पांढुरके दिसू लागले की पुन्हा. वजनाने चार भाग पॅराफिन आणि एक भाग मधमाश्यांचे मेण, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवल्यास लोण्यासारखे मलम होते. ते तेलावर चोळले की पाण्याचे थेंब वरच राहतात.

राजापूरकर

समईची वात ताईंच्या म्हणण्याला जोड देतो. काही जण जवसाचे तेल सुचवतील. कच्चे जवस तेल वाळते, हे खरे, पण पावसाळ्यात त्याला आठवडेच्या आठवडे लागतात. बाजारात बॉइल्ड म्हणून जे मिळते त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात. ते फर्निचरसाठी आहे, चिरण्याच्या फळीसाठी नाही. टेबलाला ते तेल लावणार असाल, तर तेलाचे फडके चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना त्यात उष्णता निर्माण होते आणि फडके आपोआप पेट घेऊ शकते. ते पाण्यात बुडवा किंवा पसरून बाहेर वाळवा. छोट्या घरात ही काळजी फार महत्त्वाची आहे.

साग पुरला नाही, तर फणसाचा विचार करावा. आमच्या घरात सुतारकी पिढीजात आहे आणि कोकणात फणसाचे लाकूड दारांपासून पेट्यांपर्यंत सर्वत्र वापरले जाते. नवे असताना ते हळदीसारखे पिवळे दिसते आणि पुढे उन्हा-वाऱ्याने तपकिरी होत जाते. त्याच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. आंब्याचे लाकूड स्वस्त मिळते, परंतु ते नीट वाळवलेले नसेल तर त्यात भुंगा शिरतो आणि काही महिन्यांत पिठासारखी भुकटी पडू लागते. चिंच अतिशय घट्ट. खाटकाचा ओंडका बहुधा चिंचेचाच असतो. पण हातरंध्याने ती गुळगुळीत करणे म्हणजे मनगटाची परीक्षा. कोणतेही झाड असो, कडेचा फिकट भाग काढून टाका, कारण किडीला हवे असलेले पिष्ट त्यातच असते.

अंगणवाट

सर्वांचे मनापासून आभार. तुळईतून नऊ इंचांची फळी निघते आहे, तेव्हा अखंड बोर्डच करतो. टेबलाबद्दल अजून दोन शंका आहेत. भिंत नव्या इमारतीतील हलक्या, राखाडी-पांढऱ्या ब्लॉकची आहे, तिच्यात खिळाही नीट धरत नाही. आणि दाराच्या फळ्यांचा रंग काढून त्यांचाच वरचा पृष्ठभाग करावा की प्लायवूड घ्यावे?

रंधा-पटाशी

ती भिंत बहुधा एएसी ब्लॉकची, म्हणजे ज्याला आपण सरसकट सिपोरेक्स म्हणतो त्याची आहे. साधा प्लॅस्टिकचा गट्टू तिच्यात फिरतो आणि भोक मोठे होत जाते. त्या ब्लॉकसाठी केलेले लांब नायलॉन अँकर मिळतात, ते घ्या, भोक हॅमर बंद ठेवून नुसत्या ड्रिलने पाडा, आणि टेबलाचे वजन दोन-चार अँकरवर न टाकता भिंतीवर आधी तीन इंच रुंदीची आडवी सागाची पट्टी सहा-सात ठिकाणी कसून बसवा. बिजागरी त्या पट्टीला लावायची, भिंतीला नाही. जवळपास काँक्रीटचा कॉलम असेल, तर पट्टीचे एक टोक त्यात धरता येईल असे पाहा. सगळ्यांत भक्कम आधार तोच.

माप असे ठेवा. टेबलाची वरची पातळी जमिनीपासून साडेएकोणतीस इंच, खोली सोळा इंच, आणि दोघांना शेजारी बसायचे असेल तर लांबी चार फूट. खोली सोळा इंच असली की ताट, वाटी आणि पाण्याचा तांब्या व्यवस्थित मावतो, आणि टेबलाचे पान, म्हणजे दुमडणारा वरचा भाग, खाली सोडले तरी जमिनीपासून फूटभर वर राहते, म्हणजे खालून केर काढता येतो. पूर्ण लांबीची पियानो बिजागरी वापरा. दोन सुट्या बिजागऱ्यांवर लांब पान कालांतराने झुकते. आधारासाठी भिंतीला लागून फिरणाऱ्या दोन त्रिकोणी चौकटी करा. त्यांचे कोपरे खिळ्याने न जोडता एका लाकडात खोबण पाडून, तिच्यात दुसऱ्या लाकडाचे कुसू (कोरून काढलेले टोक) बसवून, गोंद लावून करा, कारण कोपर टेकून उठताना सगळा भार नेमका त्या कोपऱ्यावर येतो.

पानासाठी दाराच्या फळ्याच वापरा असे मी म्हणेन. रंग नीट निघाला नाही, तर रंगाची बाजू खाली ठेवून वार्निशने बंद करण्याचा मोह होईल, पण जेवणाच्या टेबलाला ते नको. तशा वेळी १८ मिलिमीटरचे आयएस ७१० प्रतीचे, म्हणजे पाण्याला टिकणारे मरीन प्लायवूड घ्या आणि कडांना साग लावा. फळ्या चांगल्या निघाल्या, तर त्या एकमेकींना चिकटवून एक पान करा आणि त्याखाली दोन आडव्या पट्ट्या स्क्रूने बसवा, गोंद न लावता. पट्टीतील मधले भोक स्क्रूच्या मापाचे असू द्या, बाकीची भोके रुंदीच्या दिशेने लांबट करा आणि स्क्रूखाली वायसर घाला. आपले जुने पाट आठवा. त्यांच्या खालच्या पट्ट्या बहुधा खिळ्यांनी बसवलेल्या असतात; फळी फुगली-आकसली तर खिळा थोडा वाकतो आणि पाट उकलत नाही. पान पावसाळ्यात अडकू नये म्हणून भिंतीवरची पट्टी आणि पान यांच्यामध्ये तीन मिलिमीटर फट ठेवा आणि पान उन्हाळ्यात बसवत असाल तर चार ठेवा.

बोर्डाला शेवटचा हात कसा द्यायचा तेही सांगतो. ८०, १२०, १८० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर क्रमाने, नेहमी रेषांच्या दिशेने चालवा. साग घासताना एन-९५ मास्क लावा, त्याची धूळ काहींच्या घशाला आणि त्वचेला त्रास देते. काम गच्चीवर करता आले तर उत्तम. २२० झाल्यावर ओल्या फडक्याने बोर्ड पुसा. पाणी लागताच दबलेले तंतू उठतात आणि हाताला खरखर लागते. पूर्ण वाळल्यावर पुन्हा २२० चा हलका हात फिरवा, मगच तेल द्या. ही पायरी वगळली, तर आईंनी पहिल्यांदा धुतल्याबरोबर बोर्ड खरखरीत होईल.

समईची वात

बोर्डाखाली रबराचे पाय लावावेत का, असे पुढे कोणी विचारेल, म्हणून आत्ताच लिहून ठेवते. पाय लावले तर बोर्ड एकाच बाजूने वापरता येतो. पाय न लावता खाली ओले, पिळलेले सुती फडके पसरले, तर तो सरकत नाही आणि एका बाजूला फळे-कोशिंबीर, दुसऱ्या बाजूला कांदा-लसूण अशी सोय राहते. काम झाल्यावर फडके मात्र लगेच काढून घ्यावे. पाय लावायचेच असतील, तर स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्यावेत, कारण साधे लोखंडी स्क्रू गंजतात आणि रंधा-पटाशी दादांनी सांगितलेले ते काळे वलय मग नव्या बोर्डावरही उमटते.