रिगली फील्डच्या नूतनीकरणातून कब्जचं उत्पन्न वाढलं, ते योग्य झालं का?

लेकव्ह्यूकर

शिकागोत राहणाऱ्या आपल्या मंडळींमध्ये हा विषय निघाला की दोन तट पडतातच, म्हणून सविस्तर लिहितो.

रिगली फील्ड १९१४ मध्ये बांधलं गेलं आणि १९१६ पासून तिथे शिकागो कब्ज हा बेसबॉल संघ खेळतो. मेजर लीगमध्ये (अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत) त्याच्याहून जुनं मैदान एकच, बॉस्टनचं फेनवे पार्क (१९१२). रिकेट्स कुटुंबाने २००९ मध्ये संघ आणि मैदान साधारण ८४.५ कोटी डॉलरला घेतलं. २०१४ चा हंगाम संपल्यावर त्यांनी ‘१०६० प्रकल्प’ हाती घेतला (१०६० वेस्ट ॲडिसन हा मैदानाचा पत्ता) आणि २०१९ पर्यंत दर हिवाळ्यात एकेक बाजू उकलून नव्याने बांधली. ब्लीचर्स (बिनछताच्या बाकांच्या रांगा) नवे झाले, दोन मोठे व्हिडिओ फलक लागले, खेळाडूंना ३०,००० चौरस फुटांचं क्लबहाउस मिळालं. होम प्लेटच्या (फलंदाज जिथे उभा राहतो त्या जागेच्या) मागे खाणंपिणं धरून तिकीट असलेला खास क्लब झाला, शेजारी मोकळा चौक आणि क्लार्क स्ट्रीटपलीकडे हॉटेल उभं राहिलं.

माझं मत असं, की हे करायलाच हवं होतं आणि त्यातून संघाने पैसा कमावला यात गैर काही नाही. २००४ मध्ये वरच्या मजल्याच्या काँक्रीटचे तुकडे खाली पडले. मग जाळ्या बांधून हंगाम पार पाडावा लागला. अशा इमारतीच्या जुनेपणाचं नुसतं कौतुक करून ती टिकत नाही.

याच शहरातली दुसरी दोन उदाहरणं बघा. दक्षिणेला व्हाइट सॉक्स या शहरातल्या दुसऱ्या बेसबॉल संघाचं १९१० चं कॉमिस्की पार्क होतं. संघ फ्लोरिडाला निघाला होता. ३० जून १९८८ च्या रात्री विधानसभेतलं घड्याळ थांबवून सरकारी मदतीचं विधेयक मंजूर करून घेतलं गेलं. रस्त्यापलीकडे नवं मैदान झालं, जुनं पाडलं आणि आज तिथे गाड्या उभ्या राहतात. दुसरं सोल्जर फील्ड, अमेरिकन फुटबॉलचं मैदान. हॉटेल करातून फेडायच्या कर्जावर २००३ मध्ये जुन्या खांबांच्या रांगांमध्ये काच-पोलादाचं नवं स्टेडियम बसवलं आणि २००६ मध्ये त्याचा राष्ट्रीय ऐतिहासिक दर्जा काढून घेतला गेला. रिगलीला तोच दर्जा २०२० मध्ये, म्हणजे सगळं काम झाल्यावर मिळाला.

भिंतीवरची आयव्हीची वेल आणि हाताने चालणारा धावफलक, दोन्ही १९३७ चे, जागच्या जागी आहेत. आजही माणसं शिडीने त्या फलकाच्या पोटात चढतात आणि दर डावाला पत्र्याचा आकडा खिडकीत सरकवतात. सामना संपला की वर झेंडा चढतो. जिंकलो तर पांढऱ्यावर निळा ‘डब्ल्यू’, हरलो तर निळ्यावर पांढरा ‘एल’. ॲडिसन स्टेशनवरून जाणाऱ्या रेड लाइन या लोकल गाडीमधली माणसं अजूनही मान वळवून तो बघतात. हे राखलं, इमारत सुरक्षित केली, तेही खासगी पैशातून, शहरावर कर्जाचा बोजा न टाकता. आणखी काय हवं?

अदिती म.

लेकव्ह्यूकर, काँक्रीटबद्दल कुणाचंच दुमत नाही. पण तुम्ही दुरुस्ती आणि कमाई एकाच गाठोड्यात बांधताय. गंजलेलं पोलाद बदलायला गुबगुबीत खुर्च्यांचा क्लब लागत नाही.

आणि ‘खासगी पैसा’ हे अर्धंच खरं आहे. २०१० मध्ये रिकेट्सनी आधी राज्याकडेच हात पसरला होता, करमणूक करातल्या वाढीवर रोखे काढून आम्हाला पैसे द्या म्हणून. ते जमलं नाही, तेव्हा खासगी पैशाची भाषा आली. मे २०१३ मध्ये टॉम रिकेट्स जाहीरपणे म्हणाले, की फलक अडवले तर दुसरीकडे जाण्याचा विचार करावा लागेल. उपनगरातलं रोझमॉन्ट जागा द्यायला टपलेलंच होतं. त्या दबावाखाली शहराने काय काय दिलं? वेव्हलँड आणि शेफिल्ड या रस्त्यांच्या बाजूने मैदानाची भिंत बाहेर सरकवायची मुभा दिली, रात्रीचे सामने वाढवून दिले, फलक आणि जाहिरातींना परवानगी दिली. ऐतिहासिक वास्तूच्या जीर्णोद्धारावर केंद्राकडून खर्चाच्या २० टक्के करसवलत मिळू शकते, ती वेगळी. फुटपाथ, शांत रात्री आणि कर या सगळ्या सार्वजनिक गोष्टी आहेत. त्यांची किंमत कुणी मांडली?

उत्पन्न वाढलं की संघ बळकट होईल असं आम्हाला सांगितलं होतं. २०१६ ला १०८ वर्षांनी विजेतेपद मिळालं, मीही त्या दिवशी रडले. पण जुलै २०२१ च्या अखेरीस रिझो, ब्रायंट आणि बायेझ हे तिघेही मोठे खेळाडू दोन दिवसांत दुसऱ्या संघांना देऊन टाकले. क्लब झाले होते, हॉटेल झालं होतं, २०२० पासून स्वतःची मार्की ही टीव्ही वाहिनीही होती. मग तो पैसा मैदानावर का दिसला नाही?

पूलवाला

मी पुलांच्या दुरुस्तीत काम करतो, म्हणून तेवढ्यापुरतं बोलतो.

नव्या जागेवर नवीन स्टेडियम बांधणं तुलनेने सोपं. वापरात असलेली शंभर वर्षांची इमारत, चारही बाजूंना रस्ते आणि घरं, हातात ऑक्टोबर ते मार्च एवढेच महिने आणि तेही शिकागोच्या हिवाळ्यातले, हे काम वेगळ्याच जातीचं आहे. जमीन गोठलेली असते. काँक्रीट ओतायचं तर तंबू उभारून आत गरम हवा सोडावी लागते. खोदायला लागलं की नकाशात नसलेल्या जुन्या वाहिन्या सापडतात. एप्रिल २०१५ मध्ये पहिल्या सामन्याला ब्लीचर्स तयारच नव्हते आणि स्वच्छतागृहांपुढे एवढ्या रांगा लागल्या की संघाला माफी मागावी लागली. बाहेरून तो निव्वळ गलथानपणा वाटला. वेळापत्रक किती घट्ट होतं हे आम्हाला त्यातून कळलं.

५७.५ कोटींचा आराखडा होता, खर्च त्याच्याही बराच पुढे गेला. अदिती, तुम्ही म्हणता दुरुस्ती आणि कमाई वेगळी काढा. मग हा आकडा फेडायचा कुणी? पोलाद बदलल्यावर कुणी जास्तीचं तिकीट काढत नाही. पाया, गटारं, वीज आणि आगीपासून संरक्षण यांतून एक डॉलरही परत येत नाही. तो खर्च दुसऱ्या कशाच्या तरी खांद्यावर चढवावाच लागतो.

एक गोष्ट मला फार भावली. वरचा मजला पेलणारे जुने पोलादी खांब त्यांनी काढले नाहीत. त्या खांबांमागच्या खुर्चीवरून कधी पिचर (चेंडू टाकणारा) दिसत नाही तर कधी पहिला बेस. कमाईच बघायची असती तर ते आधी गेले असते. पण ते काढले तर वरचा मजला मागे आणि उंच ढकलावा लागतो आणि वरच्या प्रेक्षकाला खेळ मुंगीएवढा दिसतो. नव्या मैदानांत नेमकं तेच झालंय.

शेखर प.

गच्चीवाल्यांचं कुणी बोलतच नाही! शेफिल्ड आणि वेव्हलँडवरच्या घरांच्या गच्च्यांवरून सामना बघणं ही या मैदानाची खास ओळख. आधी लोक खुर्च्या टाकून बसायचे, मग तिथे बाकांच्या पायऱ्या झाल्या, तिकिटं लागली. २००४ मध्ये संघाने त्यांच्याशी २० वर्षांचा करार केला: उत्पन्नातले १७ टक्के आम्हाला द्या, आम्ही नजर अडवणार नाही. आणि करार चालू असतानाच समोर फलक उभे केले. त्यानंतर मालकांच्याच कुटुंबाने बहुतेक गच्च्या विकत घेतल्या. याला मी तरी नूतनीकरण म्हणणार नाही.

लेकव्ह्यूकर

शेखरराव, त्याच करारात एक वाक्य होतं, की सरकारी यंत्रणांनी मंजूर केलेला मैदानाचा विस्तार हा कराराचा भंग धरला जाणार नाही. गच्चीवाले कोर्टात गेले आणि हरले, २०१७ मध्ये अपिलातही. दुसऱ्याचा खेळ आपल्या गच्चीवरून विकायचा धंदा होता तो. मला त्या गच्च्या आवडायच्या, पण संघाने त्या कायमच्या पोसाव्यात असं मी म्हणू शकत नाही.

अदिती, २०२१ चं दुःख मलाही आहे. पण खेळाडू विकण्याचा निर्णय आणि मैदान बांधण्याचा निर्णय यांचा हिशेब एकत्र मांडू नका. डिसेंबर २०१४ मध्ये लेस्टर या पिचरला सहा वर्षांसाठी १५.५ कोटींचा करार देताना येणाऱ्या उत्पन्नाचा अंदाज समोर होताच. त्याच्याशिवाय २०१६ झालं असतं असं वाटतं तुम्हाला? शिवाय लीगमध्ये प्रत्येक संघाला स्थानिक उत्पन्नातला जवळपास निम्मा वाटा सामायिक खात्यात द्यावा लागतो, मैदानाचा खर्च मात्र त्यातून वजा होतो. म्हणजे मैदानावर खर्च करायला नियमच उत्तेजन देतात. मालकाने त्याचा उपयोग केला.

हेमंत_बॉस्टन

आमच्या बॉस्टनच्या रेड सॉक्स संघाच्या फेनवे मैदानाचं सांगतो, कारण तिथे याच प्रश्नाला वेगळं उत्तर दिलं गेलं.

१९९९ मध्ये तेव्हाच्या व्यवस्थापनाने शेजारीच नवं मैदान बांधायचा बेत जाहीर केला. जुन्याचे थोडे अवशेष आठवण म्हणून ठेवणार होते. लोकांनी चळवळ करून विरोध केला. २००२ मध्ये नवे मालक आले आणि त्यांनी जॅनेट मेरी स्मिथ यांना बोलावलं, बाल्टिमोरच्या कॅमडेन यार्ड्स या मैदानाच्या उभारणीमागे ज्या होत्या त्याच. या मालकांनी दहा वर्षं दर हिवाळ्यात थोडंथोडं काम केलं. ३७ फूट उंचीच्या ग्रीन मॉन्स्टर भिंतीवर पूर्वी नुसती जाळी असायची, लॅन्सडाउन स्ट्रीटवरच्या काचा फुटू नयेत म्हणून. जाळी काढून तिथे २००३ मध्ये साधारण पावणेतीनशे जागा केल्या. आज त्या मैदानातल्या सगळ्यांत हव्याशा जागा आहेत. मे २००३ पासून जवळजवळ दहा वर्षं एकूण एक सामन्याची तिकिटं संपत होती. जागा वाढवायची तर ती अशी, मैदानाला स्वतःलाच सुचल्यासारखी.

मात्र अदितीताईंचा मुद्दा इथेही लागू पडतो. सामन्याच्या दिवशी बंद होणारा बाजूचा रस्ता आणि लॅन्सडाउनच्या वरची हवाई जागा यांचे हक्क शहराने २०१३ मध्ये ७३ लाख डॉलरला देऊन टाकले, संघ फेनवेत खेळतोय तोपर्यंत. एवढ्या कमाईच्या जागेसाठी ही रक्कम काहीच नाही. मालकांनी मैदान उत्तम राखलं हे मी छातीठोकपणे सांगेन, आणि शहराने सौदा वाईट केला हेही तितक्याच ठामपणे.

रेश्मा_नेपरव्हिल

सगळे आयव्ही आणि गच्च्यांवर बोलताय. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या वकिलांनी कब्जवर अपंगांच्या हक्कांच्या कायद्याखाली दावा लावला, तो इथे कुणालाच आठवला नाही? चाकाच्या खुर्चीतल्या प्रेक्षकाला पुढचे लोक उभे राहिले की काही दिसत नाही अशा ठिकाणी जागा दिल्या, आणि नव्या खास क्लबांत त्यांच्यासाठी बसायची सोयच पुरेशी केली नाही, असा आरोप होता. नंतर तडजोड होऊन सुधारणा मान्य झाल्या.

१९१४ ची इमारत तशी होती हे समजू शकते. पण हे बांधकाम २०१४ नंतरचं आहे! कायदा १९९० चा. पूलवालादादा, तुम्ही खांबांबद्दल इतकं प्रेमाने लिहिलंत, पण नवे ब्लीचर्स कागदावर होते तेव्हा कुणीतरी टेबलाशी बसून चाकाच्या खुर्चीतल्या माणसाच्या डोळ्यांची उंची मोजली असती तर हा दावा झालाच नसता. माझ्या सासऱ्यांना बेसबॉल मनापासून आवडतो आणि ते खुर्चीत असतात. त्यांच्यासाठी मैदान आधुनिक झालं की नाही, हे मी व्हिडिओ फलकाच्या आकारावरून ठरवणार नाही.

पूलवाला

रेश्माताई, यावर माझ्याकडे बचाव नाही आणि तो कुणीही करू नये. नव्या कामात नजरेची रेषा काढणं हा आराखड्याचा पहिला धडा असतो. वेळापत्रक घट्ट होतं ही सबब रांगांसाठी चालेल, इथे नाही.

अदिती म.

रेश्माताईंनी नेमकं बोट ठेवलं. जिथे पैसा येणार होता तिथे प्रत्येक इंचाचा विचार झाला.

आता विरोध करून थांबत नाही, मागणी सांगते. रात्रीचे सामने १९८८ पर्यंत रिगलीवर नव्हतेच. शेजाऱ्यांनी भांडून मर्यादा घालून घेतली, मग ती टप्प्याटप्प्याने वाढत गेली. दर वेळी संघाला काहीतरी हवं असतं आणि सही शहराची लागते. पुढच्या सहीच्या बदल्यात ब्लीचर्समधला एक ठरावीक भाग सामन्याच्या दिवशी, खिडकीवर, माणशी मोजकी तिकिटं, परवडणाऱ्या दरात, असं लेखी घ्या. एके काळी ब्लीचर्सची तिकिटं सामन्याच्या दिवशीच मिळत. शाळकरी पोरं दुपारी गाडीने उतरून आत जात. ज्या गर्दीने हे मैदान प्रसिद्ध केलं ती हीच.

लेकव्ह्यूकर

खिडकीवरच्या विक्रीला माझा पूर्ण पाठिंबा, दलाल त्यानेच आटोक्यात येतील. पण दर शहराने ठरवायला माझा विरोध आहे. आज ब्लीचर्सचा दर नगरसेवकांच्या हाती गेला, तर उद्या छताच्या दुरुस्तीचा खर्चही तेच मंजूर करणार, आणि कॉमिस्कीच्या वेळी नेमकं तिथूनच सगळं बिघडलं. रेश्माताईंच्या मुद्द्याबाबत मात्र सक्तीच हवी. तिथे संघाच्या मर्जीवर काहीही सोडू नये.

अदिती म.

कॉमिस्कीत शहर-राज्याने पैसे दिले आणि बदल्यात काही मागितलं नाही, म्हणून बिघडलं. मी नेमकं उलटं सांगतेय. भिंत फुटपाथवर आणायला परवानगी लागते, तर त्या भिंतीच्या आत बसणाऱ्या काही शे लोकांचा दरही त्या परवानगीत लिहिता येतो. संघाला नको असेल तर त्याने भिंत आहे तिथेच ठेवावी.