'गेट्स ऑफ द आर्क्टिक'ला रस्ता हवा की नको?

पायपीट

अलास्कातल्या गेट्स ऑफ द आर्क्टिकमध्ये आम्ही तिघे आठ दिवस चालून आलो. अमेरिकेतलं दुसऱ्या नंबरचं मोठं राष्ट्रीय उद्यान, साधारण ३४ हजार चौरस किलोमीटर, अख्खं आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला. आत एकही रस्ता नाही, आखलेली पायवाट नाही, तंबूसाठी सपाट केलेली जागा नाही, संडास तर नाहीच. फी नाही, परवाना नाही आणि नावात असलं तरी गेटही नाही. (हे नाव वनतज्ज्ञ बॉब मार्शलने १९२९-३०च्या सुमारास कोयुकुक नदीच्या दोन बाजूंच्या दोन डोंगरांना दिलं होतं.)

परतल्यावर एक मित्र म्हणाला, "एवढ्या जागेत एक रस्ता काढला तर काय बिघडेल?" त्याला तिथे नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून हा धागा.

टसॉक नावाचा प्रकार ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: गवताचे गठ्ठे, बुडाशी बारीक, वर फुगलेले, फुटबॉलएवढे. गठ्ठ्यावर पाय दिला की तो कलंडतो, मधल्या फटीत दिला की घोटाभर गार पाणी. पहिल्या दिवशी पाच तासांत चार किलोमीटर झाले आणि त्यातही मी दोनदा पाठीवरच्या पिशवीसकट आडवा. निघण्यापूर्वी रेंजरबाईंनी बजावलं होतं, की एकामागून एक चालू नका, पांगून चाला, नाहीतर तुमच्याच पावलांची वाट पडेल. आपण गेल्याची खूणसुद्धा मागच्याला मिळू नये, ही कल्पना मला आधी अतिरेकी वाटली होती. तिसऱ्या दिवशी पटली. समोरच्या खिंडीतून जायचं की नदी ओलांडायची हे सांगायला तिथे कोणी नव्हतं आणि ते ठरवण्यातच दिवस जात होता. रस्ता आला की हेच आधी जाईल. माझं मत: नको म्हणजे नको.

उंटावरचा शहाणा

वर्णन झकास, निष्कर्ष भिकार. (हलके घ्या.)

फी नाही हे खरं, पण आत जायला छोटं विमान भाड्याने घ्यायचं, त्याचा खर्च का नाही लिहिलात? तिघांत वाटूनही तो हजारांत गेला असणार, तोही डॉलरमध्ये. उद्यान चालतं सगळ्यांच्या करातून आणि आत जाणार कोण, तर पैसेवाले आणि तेही धडधाकट. वर्षाला दहा हजारांच्या आसपास लोक जातात. ग्रँड कॅन्यनला ४५ लाखांच्या वर.

माझी आई ७१ वर्षांची, दोन्ही गुडघे बदललेले. पण त्याच अलास्कातल्या डेनाली राष्ट्रीय उद्यानात तिला अस्वल दिसलं. तिथे एकच रस्ता आहे, १४८ किलोमीटरचा, खासगी गाडीला पहिले २४ किलोमीटर फक्त, पुढे बस. अस्वलं पळून गेली नाहीत, डोंगरही झिजला नाही. असा एक रस्ता इथे का नको?

धुकट

उंटावरचे, डेनालीचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. तो रस्ता ऑगस्ट २०२१पासून जवळजवळ मध्यावर बंद पडला. प्रिटी रॉक्स नावाच्या ठिकाणी जमिनीतला बर्फ वितळून अख्खा उतार घसरतोय आणि त्यावरून न्यायला पूल बांधावा लागला. गोठलेल्या जमिनीवर रस्ता एकदा करून भागत नाही, दरवर्षी करत राहावा लागतो. त्यासाठी खडी हवी, खडीसाठी खाण, खाणीसाठी आणखी रस्ता. 'एकच रस्ता' असं काही नसतं.

पायपीट

बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत).

विमानाचा मुद्दा मात्र मान्य, मी तो सोयीस्करपणे गाळला. पेट्रोल जाळत, डोंगरांवरून घरघरत जायचं आणि तळ्यावर उतरून 'अस्पर्श निसर्ग' म्हणायचं, यात खोट आहेच. परतताना धुक्यामुळे विमान दोन दिवस आलं नाही. उरलेला ओटमील मोजून तिघांत वाटला, तेव्हा पैसे कशाचे भरले याचा मीही विचार केला.

पण फक्त पैसेवाल्यांचं, हे चूक. डाल्टन हायवे उद्यानाच्या पूर्व सीमेपासून काही ठिकाणी आठेक किलोमीटरवर आहे. तेलाच्या पाइपलाइनसाठी १९७४मध्ये काढलेला कच्चा रस्ता. फेअरबँक्सहून गाडीने कोल्डफूटपर्यंत जायचं, गाडी लावायची आणि चालत आत शिरायचं. नदी पायी ओलांडावी लागते, पण विमान लागत नाही.

कुंपणावरची

दोन्ही बाजूंनी एक गोष्ट सोडली, म्हणून लिहिते. तिथे माणसं राहतात. अनाक्तुवुक पास हे नुनामिउत लोकांचं गाव उद्यानाच्या आत आहे, चारेकशे वस्तीचं. कॅरिबू हरणांच्या कळपांमागे हे लोक तिथे पिढ्यान् पिढ्या फिरत आले. उद्यान झालं २ डिसेंबर १९८०ला आणि स्थानिकांचा पोटापुरत्या शिकारीचा हक्क त्याच कायद्यात ठेवावा लागला. पुढे १९९६मध्ये जमिनींची अदलाबदल करून काही भागात त्यांना सर्व प्रकारच्या जमिनीवर चालणारी वाहनं नेण्याची मुभाही दिली.

तेव्हा पायपीट, 'आपण गेल्याची खूण' वगैरे ठीक आहे, पण ती पाहुण्याची हौस. ज्यांच्या आजोबांच्या चुलीचे दगड तिथे आहेत त्यांनी खूण का पुसायची? आणि उंटावरचे, तुमच्या रस्त्यावर पहिला हक्क पर्यटकांच्या बसचा की गावच्या डिझेलच्या टँकरचा, तेही सांगा. रस्ता हवा का, हे मी आधी त्यांना विचारेन. तिथेही एकमत नसणार, कुठल्याच गावात नसतं.

उंटावरचा शहाणा

टँकर आधी. यात काय विचारायचं?

रच्याकने (म्हणजे 'बाय द वे'; इथे शब्द शोभत नाही, तरी), रस्ता येतोच आहे की! अँब्लर रोड. डाल्टन हायवेपासून पश्चिमेला तांब्याच्या खाणपट्ट्यापर्यंत ३४० किलोमीटर, त्यातला काही भाग याच उद्यानाला लागून असलेल्या राखीव क्षेत्रातून. १९८०च्या कायद्यातच त्याची सोय करून ठेवली होती. २०२४मध्ये केंद्राने नाकारला, २०२५मध्ये मंजूर केला. म्हणजे ट्रकना वाट आहे, माझ्या आईला नाही. पावित्र्याचं प्रवचन मला देऊ नका, त्यांना द्या.

धुकट

त्यांनाही देतोय. खाणीचा रस्ता वाईट, म्हणून पर्यटकांचा चांगला, हे कुठलं गणित?

उंटावरचा शहाणा

गणित नाही, चिडचिड आहे.

पायपीट

चिडचिड समजली. कुंपणताईंचा मुद्दाही लागला. 'कोणी नव्हतं' असं मी वर लिहिलंय, ते 'मला कोणी दिसलं नाही' असं वाचावं.

उंटावरचे, आईंसाठी एक सुचवू? फेअरबँक्सहून अनाक्तुवुक पासला नियमित छोटी विमानं जातात, अख्खं विमान भाड्याने घ्यायची गरज नाही. उतरलात की तुम्ही उद्यानाच्या पोटात. गावात सायमन पॅनिएक संग्रहालय आहे, नुनामिउत लोकांचं जगणं तिथे नीट मांडलंय. धावपट्टीवरूनच चारी बाजूंना ब्रूक्स पर्वतरांगेचे डोंगर. पाऊलभर टसॉक तुडवायचा नाही. ऑगस्ट मध्यानंतर जा, तोवर डास बरेच ओसरतात. जूनअखेर ते तोंडातही जातात, स्वानुभव. फक्त हवामान बिघडलं तर मुक्काम वाढेल, औषधं जास्तीची ठेवा.

उंटावरचा शहाणा

रस्ता हवाच, मत बदललेलं नाही.

त्या छोट्या विमानाच्या शिडीला पायऱ्या किती असतात?

पायपीट

आम्ही उद्यानाबाहेरच्या बेटल्स गावाला गेलो त्या विमानाला चार होत्या. पहिली जरा उंच आहे, खाली एक लाकडी पेटी ठेवतात.