ताण ओसरला तरी काळजी ओसरत नाही: चिंताविकार असताना रोजचा ताण कसा हाताळावा?

संथवारा

नमस्कार. मला सामान्यीकृत चिंताविकाराचे, म्हणजे डॉक्टर ज्याला जनरलाइज्ड अँक्झायटी डिसऑर्डर म्हणतात त्याचे, निदान होऊन ३ वर्षे झाली. औषध नियमित चालू आहे आणि एरवीचे दिवस बरे जातात. खरी अडचण येते ती आयुष्यात खराखुरा ताण उभा राहिला की. गेल्या आठवड्यात रात्री ९ वाजता वरिष्ठांचा निरोप आला, "उद्या सकाळी जरा बोलू." एवढेच शब्द होते. मी महिन्याभराचे सगळे ईमेल उघडून आपली चूक कुठे झाली असावी हे रात्री २ वाजेपर्यंत शोधत बसले आणि मध्येच एका सहकाऱ्यालाही दोनदा फोन केला. सकाळी कळले की विषय रजांच्या वेळापत्रकाचा होता.

कामाचा ताण इतरांनाही असतो, पण काम संपले की त्यांचा ताणही उतरतो. माझे मन मात्र लगेच दुसरा विषय शोधून काढते. "मनावर घेऊ नकोस" हा सल्ला ऐकून ऐकून आता कान किटले आहेत. दीर्घ श्वास घेतला तर मला उलट गरगरते. हा विकार असलेल्यांनी प्रत्यक्षात काय केले आणि कशाचा उपयोग झाला, हे जाणून घ्यायचे आहे.

निमूट

तुमच्या श्वासाच्या अनुभवापासून सुरुवात करतो, कारण मला पॅनिक डिसऑर्डर, म्हणजे अचानक तीव्र भीतीचे झटके येण्याचा विकार, आहे आणि दीर्घ श्वासाने बरे वाटते या एका गैरसमजाने माझी काही वर्षे खाल्ली. घाबरलेला माणूस आधीच गरजेपेक्षा जास्त हवा आत घेत असतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, डोके हलके होते आणि बोटांना व ओठांभोवती मुंग्या येतात. त्यात कोणी "दीर्घ श्वास घे" म्हटले की आपण आणखी हवा भरतो आणि गरगरणे वाढते. उपयोग होतो तो श्वास संथ करण्याचा, विशेषतः उच्छ्वास लांबवण्याचा, कारण श्वास सोडताना हृदयाची गती किंचित उतरते. मी नाकाने नेहमीसारखा, मुद्दाम मोठा न केलेला श्वास घेतो आणि ओठांचा चंबू करून तो जवळजवळ दुप्पट वेळ घेत सोडतो. हे शांत असताना रोज केले तरच ऐन वेळी जमते.

याच्या दुसऱ्या बाजूबद्दल फारसे कोणी बोलत नाही. १९८६ साली डेव्हिड क्लार्क या मानसशास्त्रज्ञाने पॅनिकची अशी मांडणी केली की शरीरातल्या साध्या संवेदनेचा आपण अनर्थकारक अर्थ लावतो, त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने संवेदना वाढते आणि हे चक्र फिरत राहते. छातीत धडधडले की मी "हा हृदयविकाराचा झटका" असेच समजत असे. हे चक्र तोडायचे तर धडधड होऊ देऊन पुढे काय होते ते पाहावे लागते. पॅनिक अटॅक साधारणपणे काही मिनिटांतच शिगेला पोहोचतो आणि मग उतरू लागतो, हे मला वाचून कधीच पटले नव्हते. थेरपिस्टसमोर मुद्दाम जिने चढून धडधड आणवली आणि ती आपोआप उतरताना पाहिली, तेव्हा कुठे पटले. (छातीतील दुखण्याची तपासणी मात्र आधी डॉक्टरांकडून करून घेतली होती. ती पायरी गाळू नये.)

आणखी एक. मी ४ वर्षे खिशात तातडीच्या गोळ्यांची एक पट्टी बाळगत होतो. एकदा धुण्याला कपडे टाकताना ती बाहेर पडली तेव्हा पाहिले, एकही गोळी फोडलेली नव्हती आणि वापरण्याची मुदत उलटून दीड वर्ष झाले होते. इतके दिवस मला धीर देणारी वस्तू निव्वळ खिशाचे वजन होती. अशा सवयींना सुरक्षा-वर्तन म्हणतात. त्या त्या क्षणी त्यांनी बरे वाटते, पण "पट्टी होती म्हणून वाचलो" हा समज पक्का होतो. मी ती आधी खिशातून पिशवीत, मग घरच्या कपाटात ठेवली. एका झटक्यात टाकून देण्याचा प्रयत्न पूर्वी फसला होता.

उंबरठा

मी समुपदेशक म्हणून काम करते. इथे निदान करणे योग्य नाही, पण तुम्ही वर्णन केलेल्या रात्रीतल्या दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत: ईमेल तपासणे आणि सहकाऱ्याला फोन करणे. दोन्हींमागे खात्री मिळवण्याची धडपड आहे. फोनवर "काही नसेल गं" हे ऐकले की दहा मिनिटे बरे वाटते, मग शंका परत येते आणि दुसरा फोन लागतो. सामान्यीकृत चिंताविकारात खरा सल असतो तो अनिश्चितता सहन न होण्याचा. म्हणून उत्तर शोधून काळजी शमवणे हा मार्ग तोकडा पडतो.

एक जुने आणि साधे तंत्र सुचवते. टॉमस बोर्कोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली ते मांडले. दिवसातली ठरावीक वेळ आणि ठरावीक जागा काळजीसाठी राखून ठेवायची आणि तिथे अर्धा तास फक्त काळजीच करायची. एरवी काळजी आली की तिच्याशी वाद न घालता एका ओळीत लिहून ठेवायची आणि त्या वेळेपर्यंत पुढे ढकलायची. झोपण्याच्या तोंडावर ही वेळ ठेवू नका. बसल्यावर प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा: यावर उद्या करता येण्याजोगी एखादी कृती आहे का? असेल तर ती कृती केव्हा करणार ते लिहा. नसेल तर ती ओळ काल्पनिक "जर-तर"ची आहे, तिला उत्तर न देता तशीच राहू द्या. सुरुवातीला हे कृत्रिम वाटते, पण काही आठवडे टिकवल्यावरच त्याचा अंदाज येतो.

ताणाच्या काळात औषधाची मात्रा स्वतःहून कमी-जास्त करू नका. चहा-कॉफीचे प्रमाण मोजून पाहा, कारण कॅफिनने होणारी धडधड आणि चिंतेची धडधड शरीराला सारखीच वाटते. थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर डॉक्टरांना विचारा. ती ग्रंथी अतिसक्रिय असली तरी अशीच लक्षणे दिसतात.

कडेचा

वरचे सगळे मान्य, पण एक तक्रार नोंदवतो. प्रत्येक वेळी आपणच स्वतःला सुधारायचे का? मला सामाजिक चिंताविकार, म्हणजे लोक आपल्याला काय म्हणतील याची सततची भीती, आहे. मी वरिष्ठांना सरळ विनंती केली की बोलावताना विषय एका शब्दात लिहीत जा. ते लिहू लागले आणि माझ्या निम्म्या रात्री वाचल्या. हेही सुरक्षा-वर्तनच म्हणायचे का?

उंबरठा

प्रश्न रास्त आहे. मी सीमारेषा अशी आखते: त्या सोयीमुळे तुम्ही अधिक गोष्टी करू लागलात की कमी? विषय कळल्यामुळे तुम्ही बैठकीला जात असाल तर ती व्यवहारातली समजूतदार सोय आहे. विषय कळल्याशिवाय पाऊलच टाकवत नसेल तर ती टाळाटाळ झाली. शिवाय विषय न लिहिता बोलावणे ही पद्धत मुळातच वाईट आहे, तिच्यासाठी कोणाला विकार असण्याची गरज नाही.

संथवारा

सर्वांचे आभार. ९ दिवस काळजीची वेळ पाळते आहे, संध्याकाळी साडेसहा वाजता, खिडकीजवळच्या खुर्चीत. पहिल्या दिवशी १४ ओळी निघाल्या आणि बसल्यावर त्यातल्या पाचांबद्दल काळजी करायला काही सुचेना, याचे मला हसू आले. दोन दिवस मात्र बसलेच नाही, आणि आईच्या शस्त्रक्रियेची ओळ रोज तशीच पुढे जाते आहे. तिच्याबाबत करण्याजोगी कृती एकच होती, डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची यादी. ती केली. काल पुन्हा वरिष्ठांचा "वेळ मिळाला की भेटा" असा निरोप आला. फोन केला नाही. ईमेल उघडले, तीन वाचले आणि बंद केले. श्वास लांबवण्याचा प्रयत्न केला, तो अजून नीट जमत नाही. चौथ्या-पाचव्या वेळी घाई होते. निमूट, तुम्हाला ते जमायला किती दिवस लागले?

निमूट

मोजले नव्हते, पण दीड-दोन महिने नक्कीच. मीही सुरुवातीला पाचव्या श्वासाला चुकत असे. मग रोज चारच मोजून थांबू लागलो.