दोन लहान मुलांना घेऊन जर्मनीला जायचं आहे, सुरक्षिततेबद्दल सल्ला हवा

कृष्णाकाठची:

नमस्कार. आम्ही सांगलीत गावभागात राहतो. नवरा कुपवाड एमआयडीसीत डिझाइनचं काम करतो, त्याला श्टुटगार्टच्या एका कंपनीकडून ऑफर आली आहे. मुलगी चार वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा. पगार, व्हिसा, भाषा यांचे जुने धागे मी वाचलेत. माझा प्रश्न फक्त मुलांच्या सुरक्षिततेचा आहे.

घरात रोज यावरच बोलणं चालतं. सासूबाई म्हणतात, तिकडे पोराला एक चापट मारली तरी सरकार उचलून नेतं. माझे वडील म्हणतात, रात्री ताप चढला तर हाक कुणाला मारणार? नवरा मला 2021 च्या जुलैची आठवण देतो. कृष्णेचं पाणी चढत होतं, मला सातवा महिना संपत आलेला, आणि आयर्विन पुलाजवळची पातळी तासातासाला फोनवर बघून शेवटी आम्ही विश्रामबागेत नणंदेकडे जाऊन राहिलो. "इथे तरी काय हमी आहे?" असं तो विचारतो. मला सगळ्यांचंच पटतं, म्हणून ठरत नाही. तिथे मुलं वाढवलेल्यांनी कृपया सांगा, रोजच्या जगण्यात नेमकं कशाला जपावं लागतं?

साताऱ्याची लेक:

ताई, मी मूळची साताऱ्याची, सहा वर्षांपासून तुमच्या त्या श्टुटगार्टजवळच्याच एका गावात आहे. मुलगा आता सात वर्षांचा, मुलगी तीनची. बातम्या बघून इथला धोका मोजू नका. मीही येण्याआधी बातम्याच वाचत होते, आणि माझ्या मुलांना जे खरे अपघात होता होता राहिले ते सगळे घरातले निघाले.

पहिली गोष्ट खिडकी. इथल्या खिडक्यांना गज नसतात. मूठ आडवी केली की सबंध तावदान आत उघडतं, वर केली की वरून कलतं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. आल्यावर चौथ्या दिवशी मी कणीक मळत होते, मागे वळून बघते तर मुलगा (तेव्हा सव्वा वर्षाचा) सोफ्यावरून खिडकीच्या कट्ट्यावर चढलेला आणि मूठ त्याच्या हातात. कणकेच्या हातानंच त्याला ओढला. त्याच्या पाठीवर माझी पाच बोटं पिठात उमटली होती, ती अजून डोळ्यांसमोर आहेत. गजाच्या खिडकीपाशी मुलाला बसवून चिमण्या दाखवायची आपल्याला सवय असते, ती सोडावी लागते. किल्लीची मूठ हार्डवेअरच्या दुकानात मिळते, घरमालकाला विचारून पहिल्या आठवड्यातच बसवा. खिडकीखाली सोफा, पलंग, खुर्ची काही ठेवू नका.

दुसरं, शेगडी काचेची सपाट असते. बंद केली तरी बराच वेळ तापलेली राहते, ज्योत दिसत नाही. लहान लाल दिवा पेटलेला असतो, तो मुलांना ओळखायला शिकवा. भांडी धुण्याच्या मशिनच्या वड्या रंगीत गोळ्यांसारख्या दिसतात, त्या वरच्या कपाटात. मुलांनी असलं काही तोंडात घातलं तर फ्रायबुर्गच्या विषबाधा केंद्राचा नंबर 0761 19240, चोवीस तास चालतो. अँब्युलन्स आणि आग दोन्हीसाठी 112, पोलिसांना 110. जिवावरचं नाही पण दवाखाने बंद आहेत, अशा वेळी 116117. हे सगळं मोठ्या अक्षरात फ्रिजवर लावा, खाली स्वतःचा पत्ता जर्मनमध्ये. घाबरलेल्या माणसाला रस्त्याचं नाव उच्चारता येत नाही, माझ्यावर ती वेळ आली आहे.

तिसरं, गाडी. बारा वर्षं पूर्ण होईपर्यंत किंवा उंची 150 सेंटिमीटर होईपर्यंत मुलाला योग्य सीट लागतेच. "जवळच जायचंय, मांडीवर घेते" हे चालत नाही. विमानतळावरून घरी जायची टॅक्सीसुद्धा दोन सीट सांगून आधी ठरवा. थंडीत जाड जॅकेट घालून मुलाला पट्ट्यात अडकवू नका, पट्टा घट्ट वाटतो पण धक्का बसला की जॅकेट दबतं आणि पट्टा सैल पडतो. जॅकेट काढा, पट्टा लावा, मग वरून पांघरा.

आपल्याकडे मुलाला ॲक्टिव्हावर पुढे उभं करून शंभर फुटी रोडनं नेतात, त्याची भीती कुणालाच वाटत नाही कारण ती सवयीची आहे. तुमची तुलना करताना हेही धरा.

मिरजकर:

मी तीन वर्षं राहून परत आलो. घाबरवायचं म्हणून नाही, पण तुमच्या वडिलांचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे.

बायकोचं अपेंडिक्स दुखायला लागलं, रात्री एक वाजता अँब्युलन्स आली. मुलगा दोन वर्षांचा. मला तिच्याबरोबर जायचं होतं, आणि मुलाला ठेवायला एक घर नव्हतं. ओळखी ऑफिसातल्या, त्याही पंचवीस किलोमीटर लांब. ती एकटी गेली, भाषा येत नसताना. मी झोपलेल्या मुलाजवळ सकाळपर्यंत फोन हातात धरून बसलो. मिरजेत असतो तर खालच्या काकू मला न विचारता वर आल्या असत्या.

उपचार उत्तम झाले, पैसे जवळजवळ लागलेच नाहीत. पण जायच्या आधी एक घर नक्की करा, ज्यांची बेल रात्री वाजवता येईल. मराठी मंडळ असेल तर आधीच ओळख काढा, नसेल तर त्याच इमारतीतलं कुठलंही कुटुंब, कुठल्याही देशाचं. घर निवडताना दोन खोल्या कमी चालतील, पण अशा घराजवळ घ्या.

बाळरोग_सांगली:

मी बालरोगतज्ज्ञ आहे, परदेशी जाणारी कुटुंबं माझ्याकडे येतात. काही कामं इथूनच करून जा.

गोवर: जर्मनीत 1 मार्च 2020 पासून पाळणाघर आणि शाळेसाठी गोवराच्या लशीचा पुरावा लागतो. एक वर्ष पूर्ण झालं की किमान एक डोस, दोन वर्षांपासून दोन. आपल्या लसीकरण कार्डावर बऱ्याचदा नुसती टिकमार्क असते किंवा तारीख पुसट झालेली असते. तुमच्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर लशीचं पूर्ण नाव, तारीख, सही-शिक्का असं इंग्रजीत लिहून घ्या. धाकट्याचा दुसरा डोस दिला आहे का ते आजच बघा.

गोचीड: श्टुटगार्ट ज्या राज्यात येतं ते बाडेन-व्युर्टेम्बर्ग जवळजवळ सगळंच गोचिडीतून होणाऱ्या मेंदूज्वराच्या भागात मोडतं. तीन डोसची लस आहे, तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारा. बागेतून, रानातून आल्यावर मुलांचे काखा, जांघा, कानामागची जागा आणि केसांची मुळं रोज बघा.

तापाचं औषध: पॅरासिटामॉलचं सिरप आपल्याकडे 5 मिलीत 125 आणि 250 अशा दोन ताकदीत मिळतं, शिवाय थेंब वेगळे. तिथल्या सिरपची ताकद वेगळी असते. "आम्ही एक चमचा देतो" या हिशेबानं तिथली बाटली वापरू नका. मुलाच्या वजनावर किती मिलिग्रॅम ते लिहून घ्या, आणि तिथे गेल्यावर फार्मसीत मिलीचा हिशेब करून मागा.

आणखी एक गोष्ट, जी फार थोडे सांगतात. आपल्या बऱ्याच बाळांच्या कमरेवर, ढुंगणावर जन्मतः निळसर डाग असतात. ज्यांनी ते फारसे पाहिलेले नाहीत त्यांना ते मार लागल्याचे वळ वाटू शकतात. धाकट्याला असे डाग असतील तर माझ्यासारख्या कुणाकडून लेखी नोंद घ्या, आणि तिथल्या पहिल्या तपासणीत डॉक्टरांना दाखवून त्यांच्या कागदांत लिहायला लावा.

कृष्णाकाठची:

डॉक्टर, धाकट्याच्या कमरेवर बरोबर तसाच डाग आहे. हे वाचून अंगावर काटा आला, उद्याच येते. साताऱ्याच्या ताई, सासूबाईंच्या भीतीबद्दल पण सांगाल का? मी खोटं बोलत नाही, मोठीला कधी कधी एखादा धपाटा बसतो माझ्याकडून.

साताऱ्याची लेक:

ताई, तुम्ही मोकळेपणानं लिहिलंत, म्हणून मीही स्पष्ट लिहिते. जर्मनीत 2000 सालापासून मुलाला मारहाणीशिवाय वाढण्याचा हक्क कायद्यात लिहिलेला आहे. धपाटासुद्धा त्यात आला. तो सोडायचा, आणि इथे उतरल्यावर नाही, आत्तापासून. मुलगी चार वर्षांची आहे, ती पाळणाघरात "आईनं मारलं" हे सांगणारच, आणि सांगावं.

पण एका धपाट्यासाठी मूल उचलून नेतात असं मी माझ्या आसपास पाहिलेलं नाही. युगेंडआम्ट म्हणून मुलांसाठीचं सरकारी खातं असतं. मुलाला तातडीचा धोका वाटला तर ते मुलाला तात्पुरतं ताब्यात घेऊ शकतात, पालकांनी हरकत घेतली तर ते कौटुंबिक न्यायालयापुढे न्यावं लागतं. भारतीय कुटुंबांवर अशा वेळा आल्या आहेत, ही भीती अगदी निराधार नाही. म्हणून मुलाला दुखापत झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, कसं लागलं ते नवरा-बायको दोघांनीही खरं आणि सारखंच सांगा. समजत नसेल तर दुभाषा मागा, न समजलेल्या कागदावर सही करू नका, आपल्या वकिलातीचा नंबर जवळ ठेवा. याच खात्याकडे पालकांना मदतही मिळते. बाळंतपणानंतर मी खचले होते तेव्हा त्यांनी आठवड्यातून दोनदा घरी बाई पाठवली होती.

पाळणाघराचंही सांगते. पहिल्या दिवशी मूल सोडून येता येत नाही. दोन ते चार आठवडे आई किंवा बाबा तिथे बसतात, हळूहळू वेळ वाढवतात, म्हणून नोकरीची घाई करू नका. माझा मुलगा पहिल्या आठवड्यात "बाऊ, बाऊ" म्हणून रडत होता आणि बाईंना वाटलं कुत्र्याला घाबरला. गुडघा सोलला होता. इथली मुलं "आउआ" म्हणतात. त्या रात्री मी बाऊ, शू, शी, मंमं, पाणी, गाई, आई पाहिजे असे पंधरा शब्द रोमन लिपीत लिहून समोर जर्मन अर्थ लिहिला आणि बाईंना दिला. त्यांनी तो कागद कपाटाच्या दारावर चिकटवला. मुलीच्या वेळी तोच वापरला.

कुपवाडचा बाबा:

माझा भाऊ तिकडेच आहे. त्यानं आधी एकट्यानं जाऊन तीन महिन्यांत घर, विमा आणि डॉक्टर ठरवले, मग वहिनी आणि मुलं गेली. सरकारी विम्यात मुलांचा आणि न कमावणाऱ्या जोडीदाराचा वेगळा हप्ता पडत नाही. मात्र पहिल्या महिन्यांत दोन्ही मुलांचं इथे वहिनींना एकटीनं बघावं लागलं, ते सोपं नव्हतं. आणि तुम्ही दोन मुलांसह एकट्या प्रवास करणार असाल तर वडिलांचं सहीचं संमतिपत्र आणि मुलांचे जन्मदाखले हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात नको.

कृष्णाकाठची:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हा धागा मी सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवला. खिडकीचा किस्सा ऐकून त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "आधी किल्लीची मूठ बसवू दे त्याला, मग तुम्ही जा."

तर ठरलं असं. नवरा जानेवारीत पुढे जाईल. घर पहिल्या मजल्याच्या वर नको, आणि मिरजकर म्हणाले तसं बेल वाजवता येईल असं एक कुटुंब ओळखीचं झाल्याशिवाय आम्ही तिकीट काढणार नाही. तोवर मी इथे सासूबाईंजवळ. आजपासून मोठीला ॲक्टिव्हावर पुढे उभं करणं बंद. आज ती मागे मला बिलगून बसली, हेल्मेट मोठं होत होतं, उद्या लहान मापाचं आणते.

एक शेवटचं विचारते. कार सीट इथूनच घेऊन जावी का?

साताऱ्याची लेक:

नका आणू. इथे चालणाऱ्या सीटवर मान्यतेचं नारिंगी लेबल असावं लागतं. इथेच घ्या, दुकानात मुलाला बसवून बघायला देतात. जुनी वापरलेली घेऊ नका, ती एकदा अपघातातून गेलेली असेल तर बाहेरून कळत नाही. आणि ते पंधरा शब्द आत्ताच लिहायला घ्या, धाकटा काय काय म्हणतो ते तुमच्यापेक्षा सासूबाईंना जास्त ठाऊक असेल.