प्रतिसाद: क्लास बंद करू नका
लेकरू घरी डबे बडवतं, पण तबल्याच्या क्लासला सरांसमोर हातच उचलत नाही, मग क्लास बंद करावा का, असं तुम्ही विचारलंय. मुळीच नको. आमच्याकडे परभणीत असली लाजरी पोरं हरिपाठातच तयार होतात. हातात टाळ द्या, मागच्या रांगेत उभं करा. सगळेच वाजवत असतात, त्याच्याकडे कोण बघतंय? ८ मात्रांचा भजनी ठेका आपसूक अंगात मुरतो. पुढे पखवाजाला कणीक लावायचं काम त्याच्याकडे द्या. ती मळून डाव्या पुडीवर, म्हणजे डाव्या तोंडाच्या कातड्यावर, थापली की आवाज कसा खर्जात उतरतो, हे ऐकायला तो थाप मारणारच. आणि पाहुण्यांसमोर 'वाजवून दाखव' म्हणणं आधी थांबवा, त्यानंच लेकरं मिटतात.